डिजिटल आरोग्यसेवा का रखडते: ट्रिशा ग्रीनहाल्श यांचे काम कुठून वाचायला घ्यावे

तुमचा प्रश्न असा आहे. तालुक्यातल्या काही प्राथमिक आरोग्य केंद्रांत मधुमेह आणि रक्तदाबाच्या पेशंटसाठी मोबाइल ॲप आणि व्हिडिओवरून फॉलोअप सुरू करायचा आहे. मार्गदर्शकांनी ऑक्सफर्डच्या ट्रिशा ग्रीनहाल्श यांचे संशोधन वाचायला सांगितले. शोधल्यावर शोधनिबंधांचा ढीग समोर आला. मग सुरुवात कुठून करायची, आणि इंग्लंडातले निष्कर्ष आपल्याकडे लागू पडतात का?

सगळे जण ‘नॅस’ (NASSS) चौकटीपासून, म्हणजे आरोग्यसेवेत नवे तंत्र का रुळत नाही हे तपासायच्या त्यांच्या चौकटीपासून, सुरुवात करा म्हणतील. माझे मत वेगळे आहे. २०१० साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आलेला, हेल्थस्पेस या इंग्लंडातल्या फसलेल्या ऑनलाइन आरोग्य-खात्यावरचा त्यांचा निबंध आधी वाचा. चौकट नंतर. चौकट आधी वाचली की माणूस रकाने भरायला बसतो. हेल्थस्पेस आधी वाचला, तर ते रकाने कशातून निघाले हे कळते.

त्यांच्याविषयी दोन ओळी, कारण त्यांचे लेखन असे का आहे ते त्यातून समजते. ग्रीनहाल्श मूळच्या जनरल प्रॅक्टिशनर, म्हणजे इंग्लंडच्या सरकारी सेवेतल्या फॅमिली डॉक्टर. केंब्रिजला समाजशास्त्र-राज्यशास्त्र शिकून मग ऑक्सफर्डला वैद्यकीय शिक्षण घेतलेल्या. शोधनिबंध कसा वाचावा यावरचे त्यांचे पुस्तक आपल्याकडच्या अनेक पोस्टग्रॅज्युएट विद्यार्थ्यांनी चाळलेले असते. म्हणजे पुराव्यावर आधारित वैद्यकाची शिस्त त्यांना चांगली ठाऊक आहे. तरीही डिजिटल आरोग्याचा अभ्यास करताना त्या आकडे मोजून थांबत नाहीत, पेशंटच्या घरात आणि रिसेप्शनच्या टेबलाशेजारी जाऊन बसतात. हे दोन्ही एकाच माणसाकडे असणे दुर्मीळ आहे.

आता हेल्थस्पेस. इंग्लंडच्या राष्ट्रीय आरोग्य सेवेने नागरिकांसाठी एक इंटरनेट खाते काढले होते. साधे खाते कुणीही उघडावे, आपले वजन, बीपी, साखर त्यात नोंदवावी. ओळख पटवून वरच्या दर्जाचे खाते उघडले, की आपल्या वैद्यकीय नोंदीचा सारांश पाहता येई आणि काही ठिकाणी डॉक्टरला निरोपही पाठवता येई. मूळ आराखड्यात धरले होते की लोकसंख्येतले पाच ते दहा टक्के लोक हे वरचे खाते उघडतील. २००७ ते ऑक्टोबर २०१० या काळात साधी खाती उघडली गेली १,७२,९५०. वरच्या दर्जाची खाती २,९१३. ज्यांना निमंत्रण गेले होते त्यांच्या ०.१३ टक्के. २०१२च्या अखेरीस हेल्थस्पेस बंद झाले.

असा आकडा आला की खुलासे ठरलेले असतात: लोकांमध्ये जागृती नाही, वेबसाइट किचकट होती, डॉक्टरांनी सहकार्य केले नाही. वेबसाइट किचकट होतीच, ते ग्रीनहाल्श यांनीही लिहिले आहे. पण त्यांनी मुळातलाच प्रश्न विचारला. दीर्घ आजार असलेला माणूस आपल्या आजाराचे व्यवस्थापन दिवसभर नेमके करतो कसे? मधुमेहाचा पेशंट साखर मोजतो, वहीत टिपतो किंवा टिपतही नाही, लक्षात ठेवतो. जेवणात भाकरी अर्धी कमी करतो. ही सगळी कामे तो त्याच्या पद्धतीने आधीपासून करत असतो. हेल्थस्पेसमध्ये त्या कामांना जागा नव्हती. तिथे आकडे टाकायचे, आणि टाकल्यावर ते कुणी पाहील याची खात्री नाही. मंत्रालयाला ज्या प्रकारचा ‘सक्षम रुग्ण’ हवा होता त्याच्यासाठी ते खाते बांधले होते. प्रत्यक्षातल्या पेशंटला ते उपयोगाचेही वाटले नाही आणि सोपेही वाटले नाही.

हे वाचताना मला आपल्या ओपीडीतली ‘आभा’ नोंदणी, म्हणजे केंद्र सरकारच्या डिजिटल आरोग्य-खात्याची नोंदणी, आठवते. चौदा आकडी नंबर, केसपेपरच्या खिडकीपाशी लावलेला क्यूआर कोड, आणि ओटीपी सुनेच्या मोबाइलवर गेला म्हणून ताटकळलेली आजी. खाते निघाल्याची नोंद होते. पुढच्या वेळी त्या खात्यातले जुने रिपोर्ट डॉक्टरने उघडून पाहिले का, ही वेगळी गोष्ट आहे, आणि ती आपण फारशी मोजत नाही. स्कॅन केल्यामुळे केसपेपरची रांग लवकर सरकते हा खरा फायदा आहे, तो मी नाकारत नाही. पण तुमच्या प्रकल्पात ‘किती जणांनी ॲप उतरवून घेतले’ हा यशाचा मापदंड लिहिला असेल, तर तो आजच खोडा.

त्याच सुमारास त्यांच्या गटाने इंग्लंडच्या ‘समरी केअर रेकॉर्ड’चेही मूल्यमापन केले. पेशंटची औषधे, ॲलर्जी वगैरेंचा गोषवारा देशभर कुठेही दिसावा अशी ती योजना. रात्रीच्या आणि थेट येणाऱ्या पेशंटच्या दवाखान्यांमधल्या ४,१६,३२५ भेटी तपासल्या, तेव्हा गोषवारा उघडला गेला होता अवघ्या ४ टक्के भेटींत. ज्यांचा गोषवारा उपलब्ध होता त्यांतही २१ टक्क्यांतच. उघडला तिथे औषधांचा निर्णय घेताना काही वेळा मदत झाली. तपासणीचा वेळ मात्र कमी झाला नाही, आणि पुढे रेफर करण्याचे प्रमाणही कमी झालेले दिसले नाही. डिजिटल नोंद ‘वेळ वाचवते’ हे गृहीत धरून मनुष्यबळाचा हिशेब करणाऱ्या प्रत्येकाने हा निबंध वाचावा.

माझा सर्वांत आवडता भाग मात्र म्हाताऱ्या माणसांचा. ‘अथीनी’ नावाच्या प्रकल्पात त्यांचे सहकारी ६० ते ९८ वयाच्या ४० जणांच्या घरी जाऊन राहणी पाहत होते. त्यांना दिलेली उपकरणे, म्हणजे गळ्यात अडकवायचे धोक्याचे बटण, घरबसल्या तपासणीची यंत्रे, गोळ्यांची आठवण करणारे डबे, कितपत वापरात आहेत ते बघत होते. निष्कर्ष २०१३ साली प्रसिद्ध झाले. बहुतेक यंत्रे त्या माणसांच्या गरजेला पुरी पडत नव्हती. कारण प्रत्येकाचे दुखणे, घर, जवळची माणसे आणि आयुष्यात महत्त्वाचे काय हे वेगळे, आणि यंत्र मात्र सगळ्यांना एकच. जिथे यंत्रे चालली, तिथे मुलगी, शेजारी, नवरा असे कुणीतरी त्या यंत्राला घरच्या सोयीने वाकवून घेतलेले होते. आपण ज्याला जुगाड म्हणू तेच. ग्रीनहाल्श त्याला दोष मानत नाहीत. उलट त्या म्हणतात की तंत्रज्ञान घरात टिकते ते या जुगाडामुळेच, म्हणून तो करू देईल असे यंत्र बनवा.

आपल्याकडे हे चित्र मी रोज पाहतो. मुलगा अमेरिकेत किंवा पुण्यात. त्याने आईबाबांसाठी बीपीचे डिजिटल मशीन पाठवलेले, वर ॲपही घालून दिलेले, म्हणजे रीडिंग त्याला थेट दिसावे. काही आठवड्यांत ॲप बंद पडते. मशीन चालू राहते, कारण समोरच्या काकू रोज संध्याकाळी येऊन बीपी मोजतात, कॅलेंडरवर पेन्सिलीने लिहितात, आणि महिन्याने त्या कॅलेंडरचा फोटो मुलाच्या व्हॉट्सॲपवर जातो. मुलगा मला फोन करून म्हणतो, ‘आई ॲप वापरतच नाही.’ आई सगळे वापरते आहे. शिवाय काकूंशी अर्धा तास गप्पा होतात, त्याची नोंद कुठल्याच ॲपमध्ये नाही.

इथवर आलात की मग २०१७ची ‘नॅस’ चौकट वाचा. ती ‘जर्नल ऑफ मेडिकल इंटरनेट रिसर्च’मध्ये आली. पाया दोन गोष्टींचा. एक, आधीच्या २८ चौकटींचा आढावा. दुसरा, सहा प्रकल्पांचा दीर्घ अभ्यास, त्यात चारशे तासांहून अधिक प्रत्यक्ष निरीक्षण आणि १६५ मुलाखती. व्हिडिओवरची ओपीडी, स्मृतिभ्रंश असलेल्यांसाठी जीपीएस, हृदय निकामी होत चाललेल्यांची घरून तपासणी, असे ते प्रकल्प. तंत्रज्ञान लोक नाकारतात, अर्ध्यावर सोडतात, की एका दवाखान्यात चालते पण पसरत नाही, पसरले तरी टिकत नाही, याची कारणे त्यांनी सात अंगांनी पाहिली: आजार, तंत्र, त्याचे मोल, वापरणारी माणसे, संस्था, बाहेरची परिस्थिती, आणि काळाच्या ओघात या सगळ्यात होणारे बदल. प्रत्येक अंग साधे आहे, अवघड आहे की गुंतागुंतीचे, हे ठरवायचे. बहुतेक अंगांत गुंतागुंत निघाली तर प्रकल्प सहसा रुळत नाही.

सातांपैकी पहिलेच अंग, आजार, सगळ्यात दुर्लक्षित राहते. तुमच्या प्रस्तावात ‘मधुमेहाचा रुग्ण’ एकच आहे. चाळिशीतला, नोकरी करणारा, एकाच गोळीवरचा पेशंट आणि सत्तरीची, इन्सुलिनवरची, पायाला जखम, डोळ्याला मोतीबिंदू, घरात एकटी असलेली बाई, यांना एकाच ॲपमध्ये कोंबू नका. पहिल्यासाठी व्हिडिओ फॉलोअप उत्तम. दुसऱ्या बाईचा पाय बघायला कुणीतरी तिच्या दारात जावेच लागेल. ग्रीनहाल्श यांच्या गटाने लंडनच्या रुग्णालयांत मधुमेह आणि कर्करोगाच्या पेशंटची व्हिडिओ ओपीडी अभ्यासली, तेव्हाही हेच दिसले. निवडक पेशंटमध्ये ती सुरक्षित आणि पसंतीची ठरली, भेटी किंचित लहान झाल्या आणि पेशंट किंचित जास्त बोलले. पण ती सरसकट सगळ्यांना लागू होण्यासारखी नव्हती, आणि दवाखान्यात ती बसवायला ठरवल्यापेक्षा बरेच जास्त कष्ट पडले.

एक तक्रारही नोंदवतो. ‘नॅस’ वापरून लिहिलेले पुढचे कित्येक निबंध मला कंटाळवाणे वाटतात. सात मथळे घ्यायचे, प्रत्येकाखाली मुलाखतीतली वाक्ये चिकटवायची, झाला निबंध. चौकट मागे वळून खुलासा करायला फार सोयीची आहे. पुढचे भाकीत करताना ती ‘हे गुंतागुंतीचे आहे’ यापलीकडे क्वचित जाते. आणि सगळेच गुंतागुंतीचे ठरले की आरोग्य अधिकारी मान हलवतो आणि टेंडर काढतो. म्हणून मी ती एकाच कामासाठी वापरतो: प्रकल्प सुरू होण्याआधी, कोणते अंग हलके करता येईल हे शोधायला. पाच वैशिष्ट्यांचे ॲप दोनांवर आणता येईल का? दहा केंद्रांऐवजी जिथे सिस्टर टिकून आहेत अशा तीन केंद्रांत सुरू करता येईल का?

आता फोनवरच्या तपासणीबद्दल, कारण ते तुम्हाला रोज लागेल. २५ मार्च २०२० हा दिवस आपल्याला टाळेबंदीचा पहिला दिवस म्हणून आठवतो. त्याच दिवशी आपल्याकडची टेलिमेडिसिनची मार्गदर्शक तत्त्वे निघाली, आणि त्याच दिवशी ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये ग्रीनहाल्श आणि सहकाऱ्यांचा, कोविडचा पेशंट दुरून कसा तपासावा हा लेख आला. तेव्हा सगळ्यांना एकच अडचण होती: दम किती लागतो ते फोनवर कसे ओळखायचे? एका श्वासात एक ते तीसपर्यंत आकडे म्हणायला लावायची चाचणी तेव्हा सुचवली जात होती. आकडा आला की निर्णय सोपा वाटतो. ग्रीनहाल्श यांच्या गटाने पुरावा तपासला आणि सांगितले की ही चाचणी फोनवर वापरू नका. ती ना कोविडमध्ये तपासलेली आहे ना फोनवर, आणि तिच्यामुळे खोटा दिलासा मिळू शकतो. त्याऐवजी पेशंटला आपल्या शब्दांत दम सांगू द्या, वाक्य पुरे करता येते का ते ऐका, आणि काल जे जमत होते ते आज जमते का ते विचारा. मी आजही हेच करतो. ‘काल संडासपर्यंत चालत गेला होतात, आज?’ या प्रश्नाला मिळालेले उत्तर कुठल्याही आकड्यापेक्षा जास्त सांगते.

पुढे त्यांच्या गटाने दुरून झालेल्या तपासण्यांतल्या चुकांचा अभ्यास केला. त्यात ९५ घटना होत्या: तक्रारी, नुकसानभरपाईचे दावे, अहवाल. एक गोष्ट आधी सांगायला हवी: अशा घटना एकूणात विरळा आहेत, आणि कर्मचाऱ्यांच्या शहाणपणामुळे कितीतरी टळतात, असे निबंधच म्हणतो. पण जिथे घात झाला तिथे धोक्याच्या जागा त्याच त्याच निघाल्या. आधीपासून अनेक आजार असलेले पेशंट, छातीत किंवा पोटात अचानक उद्भवलेले दुखणे, ‘कसंतरीच होतंय’ अशी मोघम तक्रार, बोलून सांगण्याची अडचण, आणि आधीच्या उपचाराने बरे न वाटलेले पेशंट. यातला शेवटचा मुद्दा मी आमच्या सिस्टरच्या टेबलावर कागदावर लिहून लावला आहे: त्याच तक्रारीसाठी दुसरा फोन आला तर तिसऱ्या फोनची वाट बघायची नाही, पेशंटला बोलवायचे.

आपल्याकडे हे लागू पडते का? काही भाग सरळ लागू पडतो, काही उलटा करून. इंग्लंडात जवळजवळ प्रत्येक नागरिक एका फॅमिली डॉक्टरकडे नोंदलेला असतो, त्यामुळे फोनच्या पलीकडे ओळखीचा दवाखाना असतो. आपल्या ई-संजीवनीत, म्हणजे सरकारी टेलिमेडिसिन सेवेत, हबवर (दूरच्या सल्ला केंद्रावर) बसलेल्या डॉक्टरने पेशंटला पूर्वी सहसा पाहिलेले नसते. उलट तिथे पेशंट बहुधा घरात एकटाच स्क्रीनसमोर बसतो, तर आपल्या उपकेंद्रात त्याच्या शेजारी समुदाय आरोग्य अधिकारी असते. ती बीपी मोजते, पाय दाबून सूज बघते, पेशंटचे अर्धवट वाक्य पुरे करते. हबवर बसल्यावर माझी निम्मी तपासणी तिच्याच हातांनी होते. हा आपला मोठा फायदा आहे आणि इंग्लंडातल्या निबंधांत तो सापडणार नाही. तुमच्या ॲपमुळे ही बाई मधून वगळली जाणार असेल, तर तुम्ही सेवा पातळ करत आहात.

दुसरा फरक मोबाइलचा. क्षयाच्या गोळ्यांसाठी आपल्याकडे ‘९९डॉट्स’ पद्धत आली. गोळी पाकिटातून काढली की खाली लपलेला फोन नंबर दिसतो, त्यावर मिस्ड कॉल द्यायचा, म्हणजे गोळी घेतल्याची नोंद. कल्पना स्वस्त आणि हुशारीची. मुंबई, चेन्नईच्या केंद्रांतल्या पेशंटच्या लघवीत औषध सापडते का हे पाहून नोंदी ताडल्या, तेव्हा दोन्हींचा मेळ जेमतेम होता. गोळी घेणाऱ्यांपैकीही कित्येक जण कॉल करत नव्हते. फोन घरात एक, तो नवऱ्याकडे. क्षय लपवायचा असल्याने सगळ्यांदेखत कॉल नको. ग्रीनहाल्श यांनी तिकडे घरोघरी बसून जे टिपले, तेच इथे वेगळ्या कारणांनी झाले.

आणि तुमच्या विषयाच्या अगदी जवळचा अभ्यास म्हणजे ‘एमवेलकेअर’. हरियाणा आणि कर्नाटकातली ४० सामुदायिक आरोग्य केंद्रे, मधुमेह आणि रक्तदाबाचे पेशंट, परिचारिकेच्या हातात टॅब आणि त्यात उपचाराचा सल्ला देणारी प्रणाली. डॉ. दोराईराज प्रभाकरन आणि सहकाऱ्यांनी २०१९ साली ‘सर्क्युलेशन’मध्ये निकाल प्रसिद्ध केला. वर्षभरात टॅबच्या गटात वरचे बीपी सरासरी १३च्या आसपास उतरले. टॅब नसलेल्या, पण प्रशिक्षण आणि तक्ते मिळालेल्या गटातही जवळजवळ तेवढेच. दोघांत म्हणण्यासारखा फरक नाही. हा निबंध ‘ॲप निकामी’ असा वाचू नका. माणसांना शिकवून नीट पाठपुरावा केला की बीपी उतरते, त्यावर टॅबची भर त्या वर्षात दिसली नाही, एवढाच त्याचा अर्थ. तुमच्या अभ्यासात तुलनेचा गट निवडताना हे फार महत्त्वाचे. नुसते आधी आणि नंतरचे आकडे दाखवलेत तर श्रेय कुणाचे हे कधीच कळणार नाही.

प्रस्ताव लिहिताना एक तक्ता नक्की करा: ॲप आल्यावर कुणाचे कोणते काम वाढेल आणि कुणाचे कमी होईल. नोंद करणारी सिस्टर तीच माहिती रजिस्टरमध्येही लिहिणार असेल तर तिचे काम दुप्पट झाले. मग ती दोनपैकी एक संध्याकाळी अंदाजाने भरेल, आणि ते सहसा ॲप असेल, कारण तपासणीला आलेला वरिष्ठ रजिस्टर मागतो. रजिस्टर बंद करण्याची लेखी परवानगी जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडून आधी मिळवा. ती मिळत नसेल तर ॲपमध्ये चार रकान्यांहून जास्त ठेवू नका.

वाचनाचा क्रम: हेल्थस्पेस, मग वृद्धांवरचा २०१३चा निबंध, मग ‘नॅस’, आणि फोनवरच्या तपासणीतल्या चुकांवरचा निबंध व्हिडिओ सुरू करायच्या आठवड्यात. २००४ सालचा, नवे प्रयोग संस्थांमध्ये कसे पसरतात यावरचा त्यांचा मोठा आढावा सगळे उद्धृत करतात. तो प्रबंधाच्या दुसऱ्या प्रकरणाला लागेल, तोवर बाजूला ठेवला तरी चालेल.